पाळणाघराचा वाटा

"पाळणाघराचा खर्च कुठल्या मापानं वाटायचा?" बिराजदार साहेबांनी विचारलं आणि पेन्सिल कानामागे खोचून ते रत्नम्माकडे बघत राहिले.

टेबलावर मोठा आडवा कागद पसरला होता. त्यात डावीकडे खर्चाची नावं होती आणि वरच्या ओळीत कारखान्यातली खाती: रंग, कांडी, बीम, माग, घडी-शिलाई. विजेचं बिल मोटारींच्या ताकदीवर वाटून झालं होतं. इमारतीचा खर्च जागेवर, कँटीनचा माणसांवर वाटला होता. राहिलं होतं पाळणाघर. आयाचा पगार, मुलांचं दूध, फडकी, साबण, फिनेल.

आवारापलीकडे त्याच पाळणाघरात रत्नम्माची महानंदा रडत होती. इतक्या मुलांत ते रडणं आपल्याच मुलीचं आहे हे रत्नम्माला ओळखू येत होतं. ओळखू येत होतं, एवढंच.

"बायकांच्या संख्येवर," ती म्हणाली. "ज्या खात्यात बायका जास्त, त्यावर जास्त. मुलं त्यांचीच असतात."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्याही मनात तेच असावं. त्यांनी तिला हजेरीपटावरून प्रत्येक खात्यातल्या बायका मोजायला सांगितल्या. मोजता मोजता ती थांबली.

"मला धरायचं का?"

"तुम्ही ऑफिसच्या. तुमच्या हातून माल होत नाही," साहेब म्हणाले. "नका धरू."

तिनं स्वतःला धरलं नाही. कांडी खात्यात साठावर बायका होत्या, घडी आणि शिलाईत मिळून वीसेक. रंगात, बीमवर, मागावर सगळे पुरुष. पाळणाघराचा खर्च जवळजवळ सगळा कांडी खात्याच्या रकान्यात गेला. महानंदाच्या दुधाचाही. ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पुढचा आकडा लिहिला.

हे १९७४ सालचं. दुष्काळ सरला होता, सूत महागलं होतं, आठवड्यातून दोनदा तरी वीज जायची. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेलांचा हा कारखाना तसा मोठ्यांत मोडायचा. रत्नम्मा तिथं आली होती ती नवऱ्याच्या जागेवर. ईश्वरप्पा ह्याच टेबलाशी बसून कॉस्टिंगचं काम करायचा. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याला विषमज्वर झाला. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्याच रात्री तो गेला. महानंदा तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती.

त्याला वैरागला, घरच्या रानात, लिंगायत रीतीनं पुरलं. सासू काशम्मा रडून रडून आजारी पडली. रत्नम्मा रडली नाही. बायकांनी तिला जवळ घेतलं, हलवलं, रड म्हणून सांगितलं. एकीनं मुद्दाम पोर तिच्या मांडीवर आणून टाकली. रत्नम्मानं पोरीचं नाक पुसलं आणि आल्यागेल्याच्या चहाचं बघायला उठली. काशम्मा म्हणे, त्याची घडीच वाईट होती. थोरला दीर बसप्पा दवाखान्याला दोष देई. शेजारचे म्हणत, टँकरचं पाणी बाधलं. रत्नम्मा सगळ्यांचं ऐकून घेई. तिला त्यातलं काहीच खोटं वाटत नव्हतं, आणि कशानं काही फरकही पडत नव्हता.

ती अक्कलकोटच्या शाळेतून मॅट्रिक झाली होती. मालकांनी निरोप पाठवला, यायचं असेल तर जागा ठेवतो. काशम्माला ते पटलं नाही. दुकान आहे, घर आहे, दोन घास कुणाला जड नाहीत, असं ती म्हणाली. बसप्पाही तेच म्हणाला. रत्नम्मानं वाद घातला नाही. तिनं फक्त पोरीला घेतलं आणि सोलापूरच्या त्याच भाड्याच्या खोलीत परत आली. का आलीस म्हणून कुणी विचारलं असतं, तर खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं होतं, एवढंच तिला सांगता आलं असतं.

बिराजदार साहेबांनी तिला काम शिकवलं. ते दक्षिण सोलापूर तालुक्यातले, घरात कानडी बोलणारे, पण हिशेबाचं बोलणं त्यांना मराठीतच जमायचं. कॉस्टिंगची परीक्षा त्यांनी टपालानं अभ्यास करून दिली होती आणि शेवटच्या एका पेपरात दोनदा नापास झाले होते. ते आवाज चढवत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक चादर तिच्यापुढे ठेवली. म्हणाले, हिच्यात किती सूत आहे ते वजन करून कळतं. रंग किती लागला ते रंगखात्याच्या चिठ्ठीवरून. विणणाऱ्याची मजुरी नगावर आहे. हे सगळं सरळ चादरीवर जातं. पण रात्रीचा वॉचमन, कँटीनचा आचारी, जळलेली मोटार, माझा पगार, तुमचा पगार, हेही ह्या चादरीतूनच निघायला पाहिजे. ह्याला वरकड खर्च म्हणायचं. तो कुठल्या चादरीवर किती, हे चादर सांगत नाही. ते आपण ठरवायचं, आणि कारण दाखवून ठरवायचं. कुठलाही खर्च अधांतरी ठेवायचा नाही.

तिला ते काम जमलं. चार महिन्यांत ती मालाचा कागद एकटीनं करू लागली. सकाळी पोरीला पाळणाघरात केराबाईकडे द्यायची, दुपारच्या सुट्टीत जाऊन भरवायची, संध्याकाळी घ्यायची. घरी गेल्यावर स्वयंपाक, झोप. रविवारी कपडे. ती कुणाशी वाईट वागत नव्हती. विनोद झाला तर हसतही होती. फक्त रात्री पोर गळ्यात हात टाकून झोपली की ती तो हात हळूच काढून गादीवर ठेवायची, आणि तसं का करते हे तिला माहीत नव्हतं.

तो नवा कागद मालकांनीच मागितला होता. टॉवेलच्या दोन मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या. पूर्वी सगळा वरकड खर्च एकत्र करून मजुरीच्या प्रमाणात सरसकट टाकत. त्यात टॉवेलवर भलताच बोजा पडतो, अशी मालकांना शंका होती. प्रत्येक खर्च ज्याच्यामुळे होतो त्याच्यावर टाका, मग खरं काय ते दिसेल, असं ते म्हणाले. म्हणणं वाजवी होतं.

खरं काय ते दिसलं. टॉवेल थोडा स्वस्त झाला. आणि कांडी खातं, जिथं रंगवलेल्या लडीतलं सूत मशीनवर कांड्यांवर भरतात, ते महाग झालं. शहराच्या पूर्व भागात बायका घरी रहाटावर कांड्या भरून देत. त्यांचा किलोचा दर सगळ्यांना माहीत होता. आतापर्यंत कारखान्याचा आकडा त्या दराच्या जरा खाली होता. आता तो काही पैशांनी वर गेला.

मालकांनी कागद दोन दिवस ठेवून घेतला. नंतर दोनदा बिराजदार साहेबांना बोलावलं. महिनाभरात फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस लागली की कांडी खातं बंद होत आहे, बायकांना कायद्याप्रमाणे हिशेब मिळेल, आणि ज्यांना घरी सूत नेऊन कांड्या भरून द्यायच्या असतील त्यांनी नावं द्यावीत.

फळ्यापुढे बायकांची गर्दी झाली. वाचता येणारी एक जण मोठ्यानं वाचत होती, तेलुगूत दुसरी सांगत होती. युनियनचा माणूस आला, मालकांना भेटला, हिशेबाची रक्कम थोडी वाढवून घेऊन गेला. बहुतेकींनी सूत नेण्यासाठी नावं दिली.

रत्नम्मानं त्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत आणखी एक कागद केला. तो कुणी मागितला नव्हता. कांडी खातं गेलं तर नेमका कुठला खर्च जाईल आणि कुठला राहील, एवढंच तिनं मांडलं. मजुरी जाईल. पण खोली जाणार नाही, तिची घरपट्टी जाणार नाही. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, काढणार नव्हते. वॉचमन तोच. जे राहणार होतं ते दुसऱ्या खात्यांवर जाऊन बसणार होतं, आणि चादर फारशी स्वस्त होणार नव्हती. तिनं तो कागद बिराजदार साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग खण उघडून त्यांनी स्वतःच्या अक्षरातला तसाच एक कागद काढला आणि तिच्या कागदाशेजारी ठेवला. शेवटच्या बेरजेत थोडाच फरक होता.

"मी हे मालकांपुढं ठेवलं होतं," ते म्हणाले. "ते म्हणाले, खोलीत आठ माग बसतील. आणि बायकांची हजेरी, रजा, बाळंतपणं, ह्यातनं एकदा सुटका होईल. ह्या गोष्टी आपल्या कागदात येत नाहीत."

रत्नम्मानं दोन्ही कागदांच्या कडा जुळवल्या.

"आपण संख्येवर वाटलं नसतं, तरी हे झालंच असतं. थोडं उशिरा," साहेब म्हणाले. मग खण लावून घेत त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं काय करणार?"

तेव्हा तिला कळलं. पन्नासावर बायका असल्या तर पाळणाघर ठेवावं लागतं, हा कायदा तिला पाठ होता. कांडी खात्यातल्या बायका गेल्यावर मागे वीसच उरत होत्या. आठ दिवस तिनं सगळ्या खर्चांचा विचार केला होता. पाळणाघर तिच्या कागदावर 'जाईल' ह्या बाजूला होतं. तिनंच ते तिथं लिहिलं होतं.

"वैरागला पाठवीन," ती म्हणाली.

कांडी खात्याच्या शेवटच्या दिवशी बायका नेहमीपेक्षा लवकर सुटल्या. पैसे घ्यायला रांग होती. पैसे घेऊन एकेक जण पाळणाघरात जाई, आपलं पोर उचली आणि फाटकाबाहेर पडे. ऑफिस सुटायला वेळ लागला. रत्नम्मा गेली तेव्हा पाळणाघरात महानंदा एकटीच उरली होती, केराबाईच्या मांडीला टेकून भाकरीचा तुकडा चघळत बसलेली.

केराबाई सांगोल्याकडची. घरी मेंढरं होती. नवऱ्यानं टाकल्यावर ती सोलापूरला आली आणि कांडी खात्यात लागली. मशीनच्या पट्ट्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून पाळणाघरात होती. उरलेल्या तीन बोटांनी ती पोरांच्या वेण्या घालायची. आता ती भावाकडे परत निघाली होती. ट्रंक भरून कोपऱ्यात ठेवली होती.

रत्नम्मानं मुलीला घेतलं. केराबाईनं तिची दुपटी, वाटी, चमचा एका पिशवीत घालून दिले. मग म्हणाली, "बाई, तुमी हिशेबात असता म्हून इचारते. माजा पगार कशावर टाकत हुता?"

"कांडी खात्यावर."

"कांडी खात्यावर म्हंजी? मी तर कवाच तितनं निगाले."

रत्नम्मानं सांगितलं. कांडी खात्यावर आला की तो सुतावर जातो, सूत मागावर गेलं की चादरीवर, टॉवेलवर. शेवटी मालाच्या किमतीत निघतो.

केराबाईनं ते नीट ऐकून घेतलं. "येका चादरीवर किती पडायचा?"

"दीड पैसा. दूध, साबण सगळं धरून."

केराबाई खाली वाकली. तिनं जमिनीवर सांडलेले भाकरीचे कण ओल्या फडक्यानं गोळा केले.

"मग लई न्हवता की," ती म्हणाली.

"नाही."

"घेनाऱ्याला कळत बी नसंल."

"नसेल."

"आसूं दे," केराबाई म्हणाली. फडकं पिळून तिनं खिडकीच्या गजावर वाळत टाकलं, उद्या लागणार असल्यासारखं. मग महानंदाच्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि ट्रंक उचलली. फाटकापर्यंत दोघी बरोबर गेल्या. केराबाई स्टँडकडे वळली. महानंदा तिच्या मागं हात करून रडायला लागली, आणि खोलीवर पोचेपर्यंत रडत राहिली. रत्नम्मा तिला घेऊन चालत होती. तिनं तिला गप्प केलं नाही आणि रागावलीही नाही.

तिनं वैरागला पत्र घातलं. बसप्पाचं उत्तर लगेच आलं. रविवारी सकाळच्या एस.टी.नं येतो, पोरीला घेऊन दुपारी परत जातो, तुला सुट्टी काढायची गरज नाही. आईनं पाळण्याला नवी दोरी लावली आहे, असंही त्यानं लिहिलं होतं. मुलगी पाळण्यात मावायची नाही हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

ते चार-पाच दिवस बिराजदार साहेबांनी मुलीला ऑफिसात बसू दिलं. ती टेबलाखाली रद्दी कागदांवर पेन्सिलीनं रेघा मारत बसायची. शुक्रवारी मालकांनी येता जाता पाहिलं. बोलले काही नाहीत, पण साहेब दुपारी म्हणाले, उद्यापासून नको. मग जरा थांबून म्हणाले, उद्या तुम्हाला बाहेरचंच काम आहे. बाहेर दिलेल्या सुताचं वजन आणि परत आलेल्या कांड्यांचं वजन जुळत नाही. तूट किती धरायची ते चार घरं बघून ठरवू या. तुम्ही जा. मुलगी बरोबर असली तर कुणी बघणार नाही.

शनिवारी ती पूर्व भागात गेली. एका कडेवर मुलगी आणि खांद्याच्या पिशवीत तराजू. साखर पेठेपलीकडच्या गल्ल्यांत घराघरांतून मागांचा आवाज येत होता, पायाखालची फरशी हादरत होती. तीन घरं झाली. चौथं सुंदरम्माचं होतं.

सुंदरम्मा कांडी खात्यात बरीच वर्षं होती. तिच्या दोन्ही मुली त्याच पाळणाघरात वाढलेल्या. नवरा दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवायचा. एकच लांबट खोली, तिच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला रहाट. मधे निळ्या, लाल लड्यांचे गठ्ठे. दिवसाढवळ्या दिवा लावलेला होता, कारण खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. धाकटी मुलगी रहाट फिरवत होती, थोरली शाळेतून आली की बसायची.

रत्नम्मानं सूत तोललं, कांड्या तोलल्या, तुटलेल्या धाग्यांचा बोळा तोलला. आकडे लिहिले. लिहून झाल्यावर तिची नजर दिव्याकडे गेली. मग रहाटाला घालायच्या तेलाच्या बाटलीकडे, मग मुलीकडे. नव्या कागदात कांडीसाठी एकच ओळ होती: बाहेरची मजुरी, किलोला इतकी. बाकी काही लिहायला जागा नव्हती, आणि लिहायची गरजही नव्हती. तिनं वही बंद केली.

सुंदरम्मानं पाणी दिलं आणि उन्हात पोरीला कशाला हिंडवतेस म्हणून विचारलं. रत्नम्मानं उद्याचं सांगितलं.

"मग परत कवा आणणार?"

"शाळेत घालायच्या वेळी. बघू."

"तीन वर्षं," सुंदरम्मा म्हणाली. "तुला काय वाटतंय?"

"काही वाटत नाही, अक्का."

हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. सांगताना तिचा आवाज, सुताचं वजन सांगतानाचा होता तसाच होता. सुंदरम्मानं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. वैरागच्या बायकांसारखं तिनं तिला हलवलं नाही, जवळही घेतलं नाही. धाकटीला उठवून ती स्वतः रहाटावर बसली.

"उद्या पाठवू नको," ती म्हणाली. "सोमवारपासनं हितं आण. दोघी हायतच की मला. तिसरी."

"पैसे किती घ्याल?"

"दूध तू आण. भात आमच्यात खाईल."

"तसं नको. जागा, वेळ, सगळं जातं तुमचं."

"तूच सांग मग किती ते. तुझं काम हाय ना ते."

रत्नम्मानं सांगायचा प्रयत्न केला. महिन्याचे काही रुपये तोंडाशी आले, पण ते कशावरून काढले हे तिला दाखवता आलं नसतं. ती थांबली. मग म्हणाली, "तिथं कारखान्यात पण नंदाचा खर्च तुमच्याच खात्यावर पडत होता. मला त्यात धरलेलं नव्हतं. तुम्हा साठ जणींवर गेला."

सुंदरम्मानं रहाट थांबवला. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हसली, फार मोठ्यानं नाही.

"मग ह्यात नवीन काय हाय," ती म्हणाली आणि परत रहाट फिरवायला लागली. महानंदा तोवर लाल लड्यांच्या गठ्ठ्यावर चढून बसली होती. तिला कुणी उतरवलं नाही.

रविवारी बसप्पा आला. त्यानं मुलीसाठी फ्रॉक आणला होता आणि काशम्मानं दिलेल्या कडक भाकऱ्या. मुलीचे कपडे भरलेली पिशवी दाराशीच होती. ती बघून त्यानं उचलायला हात पुढं केला. रत्नम्मा म्हणाली, भावजी, राहू द्या, मी तिला पाठवत नाही. त्याला वाटलं, आजचा दिवस नको म्हणते. तिनं पुन्हा सांगितलं. कुठं ठेवणार ते सांगितलं, कोणाकडे ते सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो खाटेवर बसला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"आई स्टँडापाशी येऊन बसली आसंल," तो म्हणाला. "तिला काय सांगू?"

"मी दिवाळीला घेऊन येते म्हणून सांगा."

"ईश्वरचं तेवढंच हाय तिला बघायला."

"माहीत आहे," रत्नम्मा म्हणाली.

तो चहा घेऊन निघाला. फ्रॉक खाटेवरच ठेवला. ती मुलीला घेऊन त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. बसप्पानं वळून एकदा हात केला, मग ऊन डोळ्यांवर आल्यामुळे टोपी पुढं ओढली.

त्यानंतर पावसाळा गेला. कांडी खात्याच्या खोलीत आठ माग बसले. महानंदा सोमवार ते शनिवार सुंदरम्माकडे राहू लागली. तेलुगूत मोजायला शिकली, दोन्ही मुलींना अक्का म्हणू लागली. रत्नम्मा महिन्याला काही पैसे नेऊन देई. सुंदरम्मा ते कधी घेई, कधी सूत महाग झालं तसं तांदूळ महाग झाला म्हणून तांदूळच आण म्हणे. किती द्यायचे ते ठरलं नाही ते नाहीच.

दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली होती. एका संध्याकाळी बिराजदार साहेबांनी तिमाहीचा कागद तिच्याकडून घेतला, कांडीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, काम मागणाऱ्या बायका वाढल्या तसा बाहेरचा दर उतरला, एवढा खाली हा आकडा कधी आला नव्हता, मालक खूश आहेत. ते सांगताना ते खूश दिसत नव्हते. तिनं पेन्सिल, पट्टी खणात ठेवली आणि निघाली.

ती पोचली तेव्हा अंधार पडला होता. महानंदा रिकाम्या पोत्यांवर झोपली होती. सुंदरम्माच्या दोन्ही मुली पाण्याच्या रांगेला गेल्या होत्या. सुंदरम्मा एका लडीशी झटत होती. रंगखात्यात उकळताना सूत विस्कटलं होतं, आणि गुंतलेली लडी फिरत्या चौकटीवर चालत नाही, ती कुणीतरी हातावर धरावी लागते. सकाळी नऊ वाजता माल न्यायला माणूस येणार होता.

"जरा बसतीस?" सुंदरम्मानं विचारलं.

रत्नम्मा पदर खोचून तिच्यासमोर मांडी घालून बसली. सुंदरम्मानं लडी तिच्या दोन मनगटांवर चढवली आणि ताणून दिली. धाग्याचं टोक शोधून कांडीला लावलं आणि रहाट फिरायला लागला. रत्नम्मा हात पुढं धरून बसली. धागा उजव्या मनगटावरून सुटला की ती हात किंचित खाली करी, डाव्यावरून सुटला की डावा. गाठ आली की सुंदरम्मा थांबायची, नखानं सोडवायची, परत सुरू.  शेजारच्या घरातला माग बंद झाला, तेव्हा झोपलेल्या मुलीचा श्वास ऐकू येऊ लागला.

पहिली कांडी भरली, दुसरी भरली. रत्नम्माचे खांदे भरून आले, मग कोपरं दुखायला लागली. तिनं हात खाली घेतले नाहीत. ईश्वरप्पाच्या आजारात शेवटच्या दिवसांत ती अशीच तासन्‌तास बसायची, त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत. तेव्हा हात दुखले होते का, ते तिला आठवेना. ती आठवत राहिली. धागा जात राहिला.

लडी पातळ होत गेली. शेवटी चार फेरे उरले, मग एक, आणि तोही मनगटावरून निसटून रहाटाकडे गेला. सुंदरम्मानं कांडी काढून टोपलीत टाकली आणि पाठ सरळ केली.

"झालं," ती म्हणाली. "हात खाली कर."

रत्नम्मानं ऐकलं. पण तिचे दोन्ही हात तसेच पुढं राहिले, मनगटांवर निळा रंग उतरलेले, रिकामे.  दिव्याखाली दोघी तशाच बसून राहिल्या.